तान्ह्या मुलांचा इसब व त्याची निगा

गेल्या हिंवाळ्यांत एका खेड्यांतील घरीं आमचें जाणें झालें. ओसरीवर पांच महिन्यांचें एक मूल आजीच्या मांडीवर होतें. दोन्ही गाल सोलल्यासारखे झालेले, त्यांतून लस येऊन जागोजाग खपल्या धरलेल्या, आणि हातांस जुन्या लुगड्याच्या चिंध्यांच्या पिशव्या बांधलेल्या. हेतु हा कीं, बाळानें तोंड ओरबाडूं नये. मुलाची आई आंत चुलीपाशीं होती. ती बाहेर आली, परंतु रोगाविषयीं तिनें कांहींच विचारलें नाहीं. तिनें विचारलें तें इतकेंच: “पाळकसाहेब, माझ्या दुधांत काय दोष आहे?” चौकशी करतां कळलें कीं, हा विकार जडल्यापासून तिनें अंडें, मासळी, दूध, वांगें, शेंगदाणे व डाळ हीं सर्व सोडलीं होतीं, आणि भाकरी व भाजीच्या पाण्यावर ती दिवस काढीत होती. आईच्या खाण्यांतील उष्णता दुधावाटे बाळाच्या अंगावर फुटते, असें सासूबाईंनीं सांगितलें होतें. कोनाड्यांत दिव्यामागें मलमाची एक नळी होती. ती तालुक्याच्या गांवीं दुकानदारास विचारून आणलेली. डॉक्टरास कोणीं विचारलें नव्हतें. ती लावली कीं दोन दिवसांत गाल स्वच्छ होत, आणि सोडली कीं आठवड्याच्या आंत पूर्वीपेक्षां अधिक फुटत.

त्या घरांत मायेची उणीव नव्हती. उणीव होती ती माहितीची, आणि तिचा सर्व भार एका अशक्त बाईवर पडला होता. असें घर तें एकच नव्हे. म्हणून आज ह्या विषयावर कांहीं लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. आम्ही डॉक्टर नव्हों. परंतु डॉक्टरांच्या शास्त्रांत जें आज सर्वमान्य झालें आहे, तें आपल्या घरांत समजेल अशा भाषेंत सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम रोगाची ओळख. मराठींत इसब हा शब्द पुष्कळ विकारांस लावितात. येथें आम्ही बोलत आहों तो लहान मुलांचा, ज्यास डॉक्टर लोक अ‍ॅटॉपिक डर्माटायटिस किंवा एक्झिमा म्हणतात तो. आपल्या कातडीचा सर्वांत वरचा थर विटांच्या भिंतीसारखा आहे. पेशी ह्या विटा, आणि त्यांच्यामधील स्निग्ध द्रव्य हा चुना. कांहीं मुलांच्या भिंतींत हा चुना जन्मतःच कमी पडतो. मग आंतला ओलावा उडून जातो, आणि बाहेरचा साबण, घाम, धूळ व जंतु आंत शिरकाव करितात. कातडी सुजते, खाज सुटते, मूल खाजवितें, आणि खाजविल्यानें भिंत आणखी ढांसळते. स्कॉटलंडांतील डंडी येथील संशोधकांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००६ सालीं दाखविलें कीं, फिलॅग्रिन नांवाचें कातडींतील प्रथिन ज्या जनुकापासून बनतें, त्या जनुकांत बिघाड असला तर इसब होण्याचा संभव पुष्कळ वाढतो. हा बिघाड प्रत्येक रोगी मुलांत सांपडतो असें नाहीं, आणि ज्यांत सांपडतो त्या प्रत्येकास इसब होतोच असेंहि नाहीं. तथापि मुख्य मुद्दा त्यावरून स्पष्ट झाला. दोष भिंतींत आहे. आईच्या दुधांत नाहीं, आणि ज्यास आपण ‘रक्त बिघडलें’ म्हणतों तसाहि कांहीं प्रकार नाहीं. ज्या घराण्यांत दमा असतो किंवा सकाळीं उठल्याबरोबर शिंकांची सर येते, त्या घराण्यांत हा विकार अधिक दिसतो. तो एकापासून दुसऱ्यास लागत नाहीं. अशा मुलास मांडीवर घ्यावें, भावंडांच्या शेजारीं निजवावें, त्याचे कपडे इतरांच्या कपड्यांबरोबर धुवावे. कांहीं भय नाहीं.

बहुतेक मुलांत तो पहिल्या वर्षांतच दिसूं लागतो, पुष्कळदां तिसऱ्या ते सहाव्या महिन्याच्या सुमारास. तान्ह्यांत तो गाल, कपाळ, डोकें व हातापायांची बाहेरील बाजू ह्या जागा धरितो. लंगोटाखालची जागा बहुधा मोकळी राहते. मूल दोन वर्षांपुढें गेलें कीं कोपराच्या व गुडघ्याच्या लवणींत, मनगटावर व मानेवर तो बसतो, आणि तेथील कातडी जाड होते. छापील पुस्तकांतील चित्रें बहुधा गोऱ्या मुलांचीं असतात व त्यांत सर्व लालच लाल दिसतें. आपल्या सावळ्या मुलांत तो पुष्कळदां तपकिरी, जांभळट किंवा राखी दिसतो. कधीं तर नुसत्या बारीक पुटकुळ्या हातास लागतात. लाली दिसत नाहीं म्हणून रोग सौम्य आहे असें समजूं नये. तो बरा झाल्यावर मागें फिके किंवा काळे डाग राहतात. फिका डाग पाहून घरचीं माणसें कोडाच्या भीतीनें गर्भगळित होतात, आणि मूल मुलगी असेल तर तिच्या लग्नाची चिंता पाळण्यांतच सुरू होते. हे डाग कोडाचे नव्हत. कातडी शांत राहिली तर कांहीं महिन्यांत ते आपोआप भरून येतात.

खरूज व इसब ह्यांची गल्लत फार होते. घरांत दोघांतिघांस एकाच वेळीं खाज, ती रात्रीं अधिक, बोटांच्या बेचक्यांत पुटकुळ्या, आणि तान्ह्याच्या तळहातांवर व तळपायांवर फोड, असें असल्यास ती बहुधा खरूज होय. ती डोळ्यांस न दिसणाऱ्या बारीक किड्यापासून होते, व तिचें औषध घरांतील सर्वांस एकाच दिवशीं करावें लागतें. वाटोळा, कडेनें उठलेला व मधें निवळलेला चट्टा दिसला तर गजकर्णाचा संशय घ्यावा. ही पारख डॉक्टरांकडून एकदां करून घ्यावी, कारण एकाचें औषध दुसऱ्यास अपाय करूं शकतें.

आतां निगेकडे वळूं, आणि येथें आम्ही अंमळ रेंगाळणार आहों. आपल्याकडे तान्ह्यास न्हाऊ घालण्याची रीत मोठ्या मायेची आहे. न्हाऊ घालणारी बाई मूल पायांवर घेते, तेल चोळते, डाळीचें पीठ व साय लावून अंग रगडते, कढत पाण्याचे तांबे ओतते, आणि मग शेगडींत ओवा, वावडिंग व धूप टाकून धुरी देते. निरोगी मूल हें सर्व सोसून गाढ झोंपीं जातें. इसबाच्या मुलास मात्र ह्यांतील तीन गोष्टी बाधतात: पिठाचें रगडणें, पाण्याची कढत, आणि धूर. ह्या तीन सोडाव्या. बाकीची माया तशीच राहूं द्यावी. पाणी कोपर बुडवून पाहावें. तें कोमट असावें. आंघोळ रोज घातली तरी चालते, पण ती पांच ते दहा मिनिटांत आटोपावी. वासाचा साबण व जंतुनाशक साबण दोन्ही वर्ज्य. सौम्य, बिनवासाचा साबण घ्यावा, आणि तोहि मळलेल्या जागींच लावावा. मऊ पंचानें अंग टिपावें, पुसूं नये. आणि अंग अजून दमट आहे तोंच, दोनतीन मिनिटांच्या आंत, सर्वांगास स्निग्ध मलम लावावें. तें कातडींतील ओलावा कोंडून ठेवितें. उशीर केला तर ओलावा निघून जातो, आणि आंघोळीनें कातडी उलट अधिक कोरडी होते.

कोणतें मलम, असा प्रश्न लागलीच येतो. इंग्लंडांत ५५० मुलांवर एक चांचणी झाली व तिचा निकाल २०२२ सालीं प्रसिद्ध झाला. तींत पातळ लोशन, क्रीम, जेल व घट्ट मलम असे चार प्रकार ताडून पाहिले, आणि कोणताहि एक दुसऱ्यांहून श्रेष्ठ ठरला नाहीं. जें मुलास सोसतें, घरास परवडतें व रोज लावलें जातें, तेंच चांगलें. खेड्यांत मिळणाऱ्या वस्तूंत साधी पेट्रोलियम जेली, जिला सर्वजण व्हॅसलीन म्हणतात, ती बिनवासाची पाहून घ्यावी. उन्हाळ्यांत तिच्याखालीं घाम कोंडून मूल चिडचिड करूं लागलें तर पातळ क्रीम लावावें. शुद्ध खोबरेल तेलहि पुष्कळ मुलांस सोसतें. मात्र केंसांसाठीं म्हणून सुगंध घातलेलें तेल नको. मोहरीचें तेल लावूं नये. तें झोंबतें व भिंत दुबळी करितें. ऑलिव्हचें तेल शहरांतील नातेवाईक मोठ्या कौतुकानें आणून देतात, परंतु २०१३ सालच्या एका प्रयोगांत तें लावल्यानें मोठ्या माणसांचीहि कातडी दुबळी झाल्याचें आढळलें. तें भाजींत घालावें.

खरी चूक होते ती प्रमाणांत. बोटभर मलम घेऊन तें दोन्ही गालांवर पुसून टाकितात, आणि ‘लावलें पण गुण नाहीं’ म्हणतात. ज्या मुलाचें बरेंच अंग व्यापलेलें आहे त्यास आठवड्यास २५० ते ५०० ग्रॅम मलम लागतें, असें इंग्लंडांतील वैद्यकीय मार्गदर्शन सांगतें. एवढें ऐकून प्रत्येक आई दचकते. तान्ह्यास त्याहून कमी पुरेल; पण लहानशी डबी महिनाभर पुरविली तर औषध झालें असें म्हणतां येणार नाहीं. दिवसांतून निदान दोनदां, कातडी दिसावयास चांगली असली तरीहि, लव ज्या दिशेस वळते त्या दिशेनें वरून खालीं हळूच लावावें, चोळूं नये. डबींत बोटें न घालतां स्वच्छ चमच्यानें मलम काढावें, नाहींतर डबींतच जंतु वाढतात. आणखी एक इशारा चुलीच्या घरांसाठीं फार महत्त्वाचा आहे. हीं स्निग्ध द्रव्यें ज्या कपड्यांत मुरतात त्यांतून तीं धुतल्यावरहि पुरतीं निघत नाहींत, आणि असा कपडा ठिणगीनें झपाट्यानें पेट घेतो. मूल, त्याची गोधडी व मलम लावणाऱ्या बाईचा पदर हीं चूल, शेगडी व दिवा ह्यांपासून दूर असावीं.

पैसा कोठें घालूं नये हेंहि सांगितलें पाहिजे. आंघोळीच्या पाण्यांत ओतण्याचीं स्निग्ध द्रव्यें, रेशमाचे खास कपडे, आणि जड पाणी हलकें करण्याचीं यंत्रें ह्या तिन्हींची ब्रिटनमध्यें मुलांवर परीक्षा झाली. निकाल अनुक्रमें २०१८, २०१७ व २०११ सालीं प्रसिद्ध झाले. तिन्हींपासून कांहीं विशेष लाभ दिसला नाहीं. सुती, सैल कपडा पुरे. लोंकर अंगास लागूं देऊं नये. आणखी एक निकाल आम्हांस स्वतःस अनपेक्षित वाटला. घराण्यांत असे विकार असलेल्या सुमारें १४०० नवजात मुलांवरील २०२० सालच्या चांचणींत असें दिसलें कीं, निरोगी कातडीस वर्षभर रोज मलम फांसल्यानें इसब टळत नाहीं. म्हणजे रोग जडलेल्या मुलास जें आवश्यक, तें त्याच्या धाकट्या भावंडास आधींच फांसण्याचें कारण नाहीं.

मलम हें भिंतीचें लिंपण आहे. परंतु भिंतीस आग लागली असतां लिंपण पुरत नाहीं. आग आधीं विझवावी लागते. त्यासाठीं जें औषध आहे त्यास स्टिरॉइड म्हणतात. न्यूयॉर्क येथील सल्झबर्गर व विटन ह्या दोघां डॉक्टरांनीं १९५२ सालीं हायड्रोकॉर्टिझोनचें मलम कातडीच्या विकारांवर गुणकारी असल्याचें दाखविलें, आणि तेव्हांपासून हा उपाय जगभर चालत आला आहे. ह्या औषधाविषयीं आपल्या घरांत दोन चुका होतात, आणि त्या एकमेकींच्या अगदीं उलट आहेत.

एक चूक भीतीची. ‘इसब दाबला कीं दमा उठतो’ असें जुनीं माणसें म्हणतात. त्यांनीं जें पाहिलें तें खोटें नव्हे. इसब झालेल्या मुलांस पुढें दमा होण्याचा संभव खरोखरच अधिक असतो. पण दोहोंचें मूळ एकच प्रकृति आहे. मलमानें रोग आंत जात नाहीं. ह्या भीतीनें मूल महिनोन् महिने खाजवीत व रडत राहतें. दुसरी चूक निर्भयतेची. दुकानांतून मागून आणलेल्या नळींत पुष्कळदां क्लोबेटासॉल किंवा बेटामेथासोन हें जबर स्टिरॉइड, गजकर्णाचें औषध व जंतुनाशक हीं सर्व एकत्र असतात. तान्ह्याच्या कोवळ्या गालांवर क्लोबेटासॉल लावणें म्हणजे दिवा विझविण्यासाठीं विहीर उपसण्यासारखें आहे. तें फार दिवस लावल्यास कातडी पातळ होते, शिरा दिसूं लागतात, आणि अंगांत मुरून मुलाच्या वाढीवरहि परिणाम होऊं शकतो. मार्च २०१८ मध्यें केंद्र सरकारनें चौदा स्टिरॉइड मलमें डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादींत घातलीं. तथापि मागितल्यास तीं कशीं मिळतात, हें वाचकांस सांगावयास नको. झाडपाल्याचें म्हणून विकल्या जाणाऱ्या बिननांवाच्या डब्यांतहि हेंच औषध चोरून मिसळलेलें सांपडलें आहे. लावतांच जादूसारखा गुण आला तर संशय घ्यावा. असें मलम महिनेच्या महिने चाललें असेल तर तें एकाएकीं न टाकतां नळीसह डॉक्टरांस दाखवावें.

योग्य रीत ह्या दोहोंच्या मधली आहे. डॉक्टरांनीं दिलेलें सौम्य मलम, तोंडासाठीं बहुधा एक टक्का हायड्रोकॉर्टिझोन, सांगितल्याप्रमाणें दिवसांतून एकदां किंवा दोनदां लावावें, तें केवळ सुजलेल्या जागीं, आणि आग शमेपर्यंत. मग तें थांबवावें; स्निग्ध मलम मात्र चालूच ठेवावें. प्रमाणासाठीं डॉक्टरांनीं एक सोपें माप ठरविलें आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर टोंकापासून सांध्यापर्यंत नळींतून एक रेघ काढावी. ती सुमारें अर्धा ग्रॅम होते. मोठ्या माणसाचे दोन पंजे जेवढी जागा झांकतील तेवढीस ती पुरते. तीन ते सहा महिन्यांच्या बाळाचें सर्व तोंड व मान व्यापलेली असेल तर एक रेघ, एका हातास एक, एका पायास दीड. दोन्ही मलमें एकावर एक लागलींच न फांसतां मध्यें कांहीं वेळ जाऊं द्यावा.

आतां आईच्या ताटाकडे येऊं. अंगावर पाजणाऱ्या आईनें अन्न सोडल्यानें मुलाचा इसब बरा होतो, असें सिद्ध झालेलें नाहीं. आई मात्र निश्चितपणें क्षीण होते. कांहीं मुलांस एखादें अन्न खरोखर बाधतें. त्याची खूण अशी कीं, तें पोटांत गेल्यावर कांहीं मिनिटांत, फार तर दोन तासांत, अंगावर पित्ताच्या गांधी उठतात, ओंठ सुजतात, ओकारी होते किंवा धाप लागते. असें दिसल्यास डॉक्टरांस सांगावें, आणि धाप लागली तर क्षणाचाहि विलंब न करितां दवाखान्यांत न्यावें. पण केवळ गाल फुटले म्हणून मुलाचें दूध व अंडें बंद करूं नये. लंडनमध्यें झालेल्या व २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चांचणींत तीव्र इसब किंवा अंड्याची बाधा असलेल्या ६४० मुलांपैकीं निम्म्यांस पहिल्या वर्षांतच शेंगदाण्याचे पदार्थ देण्यास आरंभ केला, व बाकीच्यांस पांच वर्षांचीं होईपर्यंत ते दिले नाहींत. ज्यांना दिले त्यांच्यांत शेंगदाण्याची बाधा फारच थोड्यांस झाली. टाळल्यानें धोका उलट वाढला. मात्र इसब तीव्र असेल तर आरंभ डॉक्टरांच्या सल्ल्यानें करावा, आणि अख्खा दाणा लहान मुलास कधींच देऊं नये. तो श्वासनळींत अडकतो.

दोन प्रसंगीं घरगुती उपाय सोडून त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. पिवळ्या मधासारख्या खपल्या, पू, ऊन लागणारी सूज व ताप हीं जंतु शिरल्याचीं चिन्हें आहेत. आणि इसबाच्या जागीं एकाएकीं एकसारखे बारीक फोड उठून ते फुटल्यावर टोंचणीनें पाडल्यासारखे खड्डे दिसले, व मूल मलूल झालें, तर तो नागिणीच्या जातीचा विषाणु असूं शकतो. त्यास वेगळें औषध लागतें व उशीर जिवावर बेततो. मोठ्यांच्या ओंठांवर तापानंतर जे फोड येतात त्यांतूनच तो येतो. ज्याच्या ओंठांवर असा फोड आहे, मग तो प्रत्यक्ष बाप कां असेना, त्यानें मुलाचा मुका घेऊं नये. लस टोंचण्याचें भय मात्र बाळगूं नये. पूर्वीं देवीची लस अशा मुलांस खरोखर अपाय करी. परंतु देवीचा रोग जगांतून गेल्याचें १९८० सालीं जाहीर झालें व ती लस मुलांस देणें बंद झालें. आजच्या नित्याच्या लसी ठरल्या वेळीं द्याव्या.

पुष्कळ मुलांचा इसब शाळेच्या वयापर्यंत किंवा त्यापुढें कांहीं वर्षांत निवळतो. कांहींचा राहतो. ‘मुळासकट काढून देतों’ म्हणणारा भेटला तर त्यास फी देऊं नये. खाजविणाऱ्या मुलास रागावणेंहि व्यर्थ आहे. खाज त्याच्या इच्छेंत नाहीं. नखें बारीक कापावीं, रात्रीं हलकें पांघरूण घालावें, आणि खाज सुटली कीं त्या जागीं गार ओला कपडा ठेवावा. मूल रात्रभर जागतें तेव्हां आईहि जागते, आणि सकाळीं दळणकांडण तिलाच असतें. घरांतील पुरुषांनीं एक रात्र आड मूल सांभाळलें तर तेंहि औषधांतच गणावें.

होळीच्या सुमारास आम्ही पुन्हा त्या घरीं गेलों. ग्रामीण रुग्णालयांतील डॉक्टरीणबाईंनीं ती नळी पाहून दुसरें सौम्य मलम दिलें होतें, व पहिलें हळूहळू सोडविलें होतें. मधें एकदां गाल पुन्हा चांगलेच फुटले. तेव्हां सासूबाईंचा धीर सुटून तीच नळी पुन्हा आणविण्याची गोष्ट निघाली होती, पण सून ऐकेना. आतां हातांच्या पिशव्या सुटल्या होत्या. एका कानामागें चट्टा होता, तो दाखवून त्यावर कोणतें मलम लावावें हें तिनें आम्हांस विचारलें. आम्हीं डॉक्टरीणबाईंस विचारण्यास सांगितलें. त्या दिवशीं तिच्या ताटांत अंड्याची आमटी होती. आजी ओसरीवर व्हॅसलीनचा मोठा डबा व चमचा घेऊन बसल्या होत्या, आणि त्यांची तक्रार एकच होती: “काय सांगूं पाळकसाहेब, पोर मासोळीसारखें हातांतून निसटतें!”